मोराखाली अकोला

अकोला, दिवाळीनंतरचा सोमवार, १९५९

संध्याकाळपासून डोकं तापलंय. विलायतेतल्या साहेबाची कंपनी बंद पडली, तिचा मोर मार्का आम्ही रीतसर विकत घेतला, आता त्याच मार्क्याच्या कुऱ्हाडी इथे आमच्या भट्टीत घडतात. यात लपवण्यासारखं काय आहे?

आज पहिला माल घेऊन जठारपेठेत गेलो. दुकानदार नारायणशेठनं धार बघायला पातं स्वतःच्या हातावरून फिरवलं. केस साफ! न्हाव्यानं केल्यासारखी गुळगुळीत जागा.

"माल नंबरी हाये भाऊ," तो म्हणाला. "पन मोराखाली 'अकोला' काहून ठोकलं? 'विलायत' ठोका. लोकायले विलायतीच पायजे."

"लोकायले का तुमाले?"

"धंदा करून राहिलो ना बाप्पा!"

आणि बोलताना तोच गुळगुळीत हात कुरवाळत होता!

घाम आमचा आणि नाव विलायतेचं? भट्टीवरच्या माणसांना काय तोंड दाखवू? नाही ठोकणार. उलट उद्याच ठसा मोठा करायला सांगतो. 'अकोला' दुकानाच्या पायरीवरून वाचता आलं पाहिजे.

माल परत आणला नाही, त्याच्याच फळीवर मांडून आलो. आता गिऱ्हाइकापुढे विलायतीचे गोडवे गा म्हणावं. केस उगवेपर्यंत तरी बाही खाली ओढूनच गावे लागतील.