डावीकडची खुर्ची

सोमवार, ५ जानेवारी

जमुनाचा गुडघा कसा? थंडीनं कुरकुरतो, सकाळी तेल चोळलं. माझं बी.पी.? गोळी चुकली नाही. गाय? काल रुसली होती, आज पेंड खाल्ली. हैदराबादला कविता कशी? फोनवर आवाज ठणठणीत. जावई? कॉलेजचे पेपर तपासून राह्यले, मान दुखते म्हणे. नात मिनू? सर्दी आहे, पण अख्खं गाणं म्हणून दाखवलं, म्हणजे काळजी नाही. ट्रक काढायच्या आधी चाक-तेल-पाणी पाहायचो, तसं आता रोज हे पाहतो. मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे, लेक संक्रांतीला येते. फाट्यावर जाऊन बोर्ड ओल्या फडक्यानं पुसून आलो. ‘कॅप्टन कविताचा तांडा’. अक्षरं माझीच, चार वर्षांपूर्वीची. शाळा पाहिली नाही, अक्षरं मैलाच्या दगडांवर शिकलो, पण ट्रकच्या पाठीवर लिहायचा हात अजून बसलेला आहे. घाटंजीच्या बाजाराला चाललेली जीप थांबली. ड्रायव्हर म्हणे, "बाबा, रोज पुसता का?" म्हटलं, "विमान रोज उडते ना?"

मंगळवार, १३ जानेवारी

आली. मिनूनं उतरल्या उतरल्या गाईचं शेपूट ओढलं. दोघी बऱ्या.

चहा घेता घेता क. म्हणाली, "बा, मले कॅप्टन व्हायचं पत्र आलं कंपनीचं."

"व्हायचं म्हणजे? तू त हायेसच."

"नाही ना. मी को-पायलट. तुले पहिल्या दिवशीच सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. मी समजलो, पोरगी मोठेपणा घेत नाही.

भिंतीवरचा फोटो काढून आणला. विमानातला. क. उजवीकडं, डावीकडं एक पिकल्या केसांचा माणूस. ज्यानं जन्म ट्रकमध्ये काढला त्याला विचारा, उजवीकडं कोण बसतो? ड्रायव्हर. डावीकडं? क्लीनर. चार वर्षं अख्ख्या तांड्याला मी हेच सांगितलं, की उजवीकडं माझी लेक चालवते अन डावीकडचा तिचा क्लीनर. त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या, हिच्या तीन. मोजल्या होत्या मी. म्हातारा माणूस, वयाची एक जास्त दिली असेल, असं वाटलं.

"बा, विमानात कॅप्टन डावीकडं बसते."

"अन स्टीअरिंग त तुह्या पुढं हाय!"

"दोघांपुढंही असते."

"मंग हा क्लीनर?"

"ते माहे कॅप्टन साहेब. त्यांच्याजवळ शिकले मी."

जमुना पदर तोंडाला लावून हसली. आजी हसली म्हणून मिनू हसली. मी उठून गोठ्यात गेलो.

बुधवार, १४ जानेवारी

आज तोंड गोड करायचा दिवस अन माझं तोंड कडू.

क.नं अंगणात बसून सगळं समजावलं. उजवीकडच्यांच्या यादीत ती आता वर आहे. महिन्याच्या कोणत्या फेऱ्या पाहिजेत, ते आधी हिला विचारतात. म्हणून मुक्कामाला घरी असते, म्हणून महिन्यातून एकदा मिनूला घेऊन इकडं येता येतं. इथवर यायला सात वर्षं लागली. डावीकडं बसली की कॅप्टनांच्या यादीत सगळ्यांत खाली. इतरांनी नको म्हटलेल्या फेऱ्या हिच्या. नाही तर घरी बसवून ठेवणार, फोन आला की गणवेश घालून पळ. अन हे सगळं हैदराबादला नाही, गुवाहाटीला!

"किती दिवस?"

"दोन वर्षं, तीन वर्षं. कोणी लिहून देत नाही, बा."

जावयाची नोकरी हैदराबादची. मिनूची शाळा आत्ता लागली. उत्तर फेब्रुवारी संपायच्या आत पाहिजे. नाही म्हटलं तर पुन्हा कधी विचारतील, तेही कोणी लिहून देत नाही.

म्हटलं, "हे बढती हाय का काळं पाणी?"

"सगळ्यांलेच असते तसं."

याचाच तर संताप येतो. सगळ्यांच्या अंगणात कचरा टाकला म्हणून त्याची रांगोळी होते का? एवढी शिकलेली माणसं. ढगातून विमान बरोबर त्या पट्टीवर उतरवतात. अन एका पोरीला तिच्या घरी ठेवून डाव्या खुर्चीत बसवणं तेवढं जमत नाही!

"तुले काय पाह्यजे?"

तिनं तिळाचा लाडू फोडला. "दोन्ही पाह्यजे, बा. पण तसं कोणी विचारूनच नाही राह्यलं."

शनिवार, १७ जानेवारी

क. काल परत गेली. मिनूची बाहुली राहिली, गाईसमोर सापडली.

आज नाईकांनी बोलावलं. तांड्याचे नाईक वयानं माझ्याहून लहान, पण मान त्यांचा. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"भाऊ, होळीले कविताचा सत्कार ठरवला आपण. आता ऐकतो, ते कॅप्टनच नाही?"

"चूक माही झाली."

"अन आता कंपनी देऊन राह्यली त विचार करते म्हणे! पद नाही म्हणणारं माणूस म्या त पाह्यलं नाही. सरपंचकीपायी इथं सख्खे भाऊ बोलत नाहीत. हो म्हणायले सांगा तिले. होळीच्या आत झालं त आपण कोणी खोटे नाही पडत."

एक जण ओट्यावरून म्हणाला, "भेली असन पोरगी."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "भर पावसात ढगातून दीडशे माणसं नेते ते. तू नाल्यात घोटाभर पाणी असलं त मोटारसायकल ढकलत नेतं!" सगळे हसले, तोही हसला. मला हसू आलं नाही. डावं-उजवं मला कळलं नाही, अन ते झाकायला माझ्या लेकीनं घर सोडायचं? नाईकांच्या घरचा चहा आज पहिल्यांदा तसाच टाकून आलो.

मंगळवार, २० जानेवारी

तब्येती ठीक. गुडघा तसाच.

फोटो परत भिंतीवर लावला. आता तिकडं पाहिलं की आधी तो डावीकडचा माणूस दिसतो. त्याची मनातल्या मनात माफी मागितली. त्यालाही मुलंबाळं असतील. तो किती वर्षं कुठल्या गावी... जाऊ दे.

रविवार, २५ जानेवारी

पांढरकवड्याला गेलतो, वामनरावकडं. जुना सोबती, एकाच मालकाकडं आम्ही दोघं क्लीनर होतो. आता हायवेवर मुलाच्या हॉटेलात गल्ल्याजवळ बसतो. जयभीम झाला, चहा आला. वाटलं, हा तरी माझ्याबरोबर चिडेल. कंपनी, नाईक, तो ओट्यावरचा, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. वामनराव गल्ल्यातली चिल्लर लावत होता.

मग म्हणे, "मालकानं मले दिल्लीची गाडी देली होती, ध्यानात हाय? म्या नाही म्हणलं. दुधाचा टेम्पो धरला. सकाळी नऊला घरी. तू ढाब्यावर सगळ्यांसमोर मले काय म्हणला होता?"

"नाही आठवत."

"बांगड्या भर म्हणला होता."

आठवत होतं.

"आता तुह्या पोरीले कोणी भेली म्हणलं त तुले झोंबलं," तो म्हणाला. "बरं झालं, झोंबलं ते." अन मुलाला ओरडून माझ्यासाठी भजी मागवली. असा माणूस. त्याच्यावर चिडायला गेलो तर तेही जमू देत नाही.

परतताना बसमध्ये आठवत बसलो. दिल्लीची ती गाडी मग मीच घेतली होती. ड्रायव्हर झालो म्हणून पेढे वाटले. क.नं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी ग्वाल्हेरला. शाळेत पहिली आली तेव्हा विजयवाड्याला. तिला कांजण्या आल्या तेव्हा टायर फुटून रस्त्याच्या कडेला. सगळं जमुनानं सांगितलं म्हणून माहीत.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आजवर क.ला एक शब्द विचारला नाही. आज तिचाच व्हिडिओ कॉल. मिनूनं चित्र दाखवलं, विमान अन त्यात गाय. डाव्या खुर्चीत गाय!

मग जमुनानं फोन हातातून घेतला अन सरळ म्हणाली, "हो म्हणून टाक. म्या येते गुवाहाटीले. मिनूले सांभाळते."

क. आईला म्हणाली, "याडी, तुह्या गुडघ्यानं जिना चढवत नाही."

"गुडघ्याचं म्या पाहीन."

फोन ठेवल्यावर मी भडकलो. "तू नागपूरच्या पुढं गेली नाही कधी. काहून सांगते तिले?"

जमुना एरवी आवाज चढवत नाही. आज चढवला. "तुम्ही दिल्लीची गाडी घेतली तवा मले कोणी इचारलं होतं? घर बंद पडलं का? माणूस बाहेर गेला त बढती, अन बाई निघाली त अख्ख्या तांड्याची सभा! माही पोरगी डावीकडं बसली पाह्यजे."

तिचंही खरं. क.चंही खरं. वामनरावचंही. एवढी खरी माणसं एका घराभोवती अन खोटी फक्त ती गुवाहाटीची अट. पण अटीवर ओरडावं तर ती दिसत नाही. कंपनीच्या कागदावर एक सही आहे म्हणे, तीही छापलेली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

फाट्यावर गेलो. पांढरा रंग, ब्रश. ‘कॅप्टन’ हा एवढा शब्द पुसला. दोन हात मारले तरी खालचं काळं डोकावत होतं, तिसरा मारला.

माणसं जमली. नाईक मोटारसायकल थांबवून उतरले. "भाऊ, हे काय?"

"चूक माही होती, म्या पुसली."

"मंग को-पायलट लिहा."

"तेही नाही लिहित."

"जागा रिकामी दिसते ना वाईट!"

"दिसू द्या. सत्काराले कविता येईन ते कविता म्हणून येईन. नाही त सत्कार राहू द्या."

वाटलं, आता भांडण. नाईक बोर्डाजवळ गेले. मग म्हणाले, "खालची ओळ वाकडी झाली," अन मोटारसायकल काढून निघून गेले. पाहिलं, ओळ खरंच वाकडी होती. चार वर्षं कोणी बोललं नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

फोनवर बोललो तर ओरडा होतो, म्हणून क.ला कागदावर लिहिलं. उद्या घाटंजीहून स्पीड पोस्टानं टाकतो. इथं उतरवून ठेवतो :

कविता बेटा, तुझी, मिनूची, जावयाची तब्येत कशी? याडीनं तुला न सांगता जिना चढायची सवय सुरू केली आहे, शाळेचा, दोनदा वर अन दोनदा खाली. मी रागावलो, ऐकत नाही.

तुझा बा आयुष्यभर उजवीकडं बसला, म्हणून त्याला वाटलं सगळं जग तसंच बसतं. ते सोड. महिना संपत आला. नाईकांच्या होळीसाठी हो म्हणू नको. तुझ्या लहानपणी मी घरी नव्हतो म्हणून नाही म्हणू नको. ते माझं आहे, तू उचलू नको. याडी जिना चढते म्हणूनही काही ठरवू नको, तिला चढायचाच आहे. तू हो म्हणालीस तर मी कंपनीवर चिडणार, नाही म्हणालीस तरी कंपनीवरच. तुझ्यावर नाही. एवढं कोणीतरी लिहून द्यायला पाहिजे होतं, ते मी देतो. खाली सही आहे, छापलेली नाही.

बोर्डावर तुझ्या नावाच्या आधी वीतभर जागा पांढरी ठेवली आहे. तिथं काय लिहायचं, का तशीच ठेवायची, ते तू सांग. काळ्या रंगाचा अर्धा डबा उरला आहे. वाळायच्या आत लिही.