चारमिनारावरचे पोपट

नागभीड, गुरुवार, माघ १९५५

हैद्राबाद हातचं गेलं, अन् घालवलं मीच.

शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, रातच्या नाटकाले शहराचा नवा पडदा पाह्यजे. म्हणून गावानं ठरवलं, पडदे रंगवणाऱ्या सोमाभाऊले एक शहर दाखवायचं, नागपूर नाईतर हैद्राबाद, निवड त्याची. पाट्या वाचाले सोबत मी. मले हैद्राबादच पाह्यजे होतं. ते पाह्यलं होतं कोणी? मीबी नाई. पण आठ दिवस त्याच्यापाशी थापा ठोकत राह्यलो, का चारमिनारावर पोपट पाहारा देतेत अन् चोर दिसला का त्याचं नाव घेऊन बोंबलतेत.

आज त्यानं जुन्या पडद्याच्या मागं काढलेलं दाखवलं. चार मिनार, वर हिरवे पोपट, एकाची चोच उघडी! थापा माह्याच, पण मीच पाहात राह्यलो. काय हात हाये माणसाचा!

म्हणलं, "मंग हैद्राबाद पक्कं ना, सोमाभाऊ?"

"काऊन बे? ते त तूच दाखवलं. नागपूरची तू एकबी थाप मारली नाई, ते डोळ्यानं पाहा लागन."

गालात हसत होता बुढा. त्याले पह्यलेपासून माहीत होतं का?

आत्ता ध्यानात येऊन राह्यलं. त्या उघड्या चोचीच्या पोपटाचं तोंड थेट माह्यासारखं हाये.