सगळ्यांना वाढून होईपर्यंत

शुक्र., १० जाने.
ओतूरच्या पुढं, मढच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टवाल्यांचा फोन. माझ्या शेडनेटमधली काकडी नेतात तेच. जपानहून सुशी करणारा आचारी येतोय, एका संध्याकाळपुरता. त्याला काकडी पसंत पडली, म्हणून जेवायला दोन जागा आपल्या घराला. "ताई, तुम्ही नक्की या." पोरीसारखी हरखले.
थोरल्या दिरांना, अण्णांना, सांगितलं. यांच्याकडे बघून म्हणाले, "मी आन् तू जाऊ." जणू दोघांनीच वेल चढवलेत.

रवि., १२
अण्णांना चहा देताना सांगून टाकलं, बोलावणं मला आहे, मी जाणार. जाऊबाई, आक्का, मागून पदर ओढत होत्या.
अण्णा म्हणाले, "बाईमाणसानं कच्चा मासा खायला जायचं?"
म्हटलं, शिजवलेला तरी मला आधी कोण देतं?
अण्णांनी बशी तोंडाला लावली. संध्याकाळी हे म्हणाले, "तू जा. मला कच्चं नको." भ्याले, दुसरं काय. पण जागा मिळाली.

शनि., १८
अण्णांबरोबर गेले.
लाकडी ओटा. पलीकडे आचारी, अलीकडे आम्ही सगळे पाहुणे ओळीनं. लग्न झाल्यापासून अण्णांच्या शेजारी कधी जेवायला बसले नव्हते. उठून वाढावं असं सारखं वाटत होतं.
मी टोकाला, म्हणून पहिला घास माझ्यापुढे. भाताचा छोटा मुटका, वर माशाचा काप. मी हात मांडीवर ठेवून बसले, अण्णाही. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी हात लावतं का? आचारीही थांबला. पुढच्याला देईना. माझ्याकडे बघतोय.
दुभाषी पोरगी पुण्याची. "ताई, समोर आलं की लगेच खायचं, भात कोमट आहे तोवर. ते तुमच्यासाठी थांबलेत."
अण्णा हळूच, "थांब. सगळ्यांना वाढून व्हऊ दे."
खाल्लं. अण्णांच्या आधी.
भात आंबूस, मासा गार. फेसलेल्या मोहरीसारखं काहीतरी नाकात चढलं, डोळ्यांतून पाणी. फार आवडला असं नाही म्हणणार. पण मी खातेय की नाही हे बघायला एक माणूस काम सोडून उभा होता. माझ्यासाठी असं कधी कुणी...
अण्णांनी त्यांचा घास सगळी ओळ झाल्यावरच खाल्ला. शेवटी काकडीची गुंडाळी आली. पोरीला म्हटलं, त्यांना सांग, ही माझी.

सोम., २०
अण्णांनी घरी सांगितलंच. आक्का म्हणाल्या, "त्यांच्या आधी खाल्लंस? चारचौघांत? लई माज आलाय तुला."
आला असेल.
घरच्या भाकऱ्या मी थापते आणि लग्नापासून एक गरम भाकरी माझ्या तोंडात नाही. सगळे उठले की टोपल्यात तळाला उरलेली, चामट. आज पहिली भाकरी तव्यावरून माझ्या ताटात घेतली आणि तिथंच बसून खाल्ली. अण्णा ताटावरून उठले. "ह्या घरात हे चालायचं न्हाई. चूल येगळी करा."
हे म्हणाले, "तिथं खाल्लंस ते ठीक. घरात कशाला?" मी रोज जेवते घरात, दुसरं कुठं खाऊ?

गुरु., २३
अण्णा घरी जेवत नाहीत. आळेफाट्याला मिसळ खातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. हे म्हणतात पाया पड, मिटव. कशाबद्दल पडू?
चूल वेगळी म्हणजे जमीनही. शेडनेट अण्णांच्या नावच्या तुकड्यात. उभं मी केलं, रोपं माझ्या हातची. जाईल बहुतेक. दुपारी वेलांत उभी राहून रडले. पण पाया पडणार नाही.

रवि., २६
हे अण्णांना जेवायला घेऊन यायला गेले. मी तव्याशी, आक्का लसूण सोलत. पहिली भाकरी टम्म फुगली. उचलली आणि आक्कांच्या ताटात घातली.
"अगं, ते यायचेत अजून."
"येऊ द्या. तुमी घ्या, गरम हाय."
आक्कांनी लसूण बाजूला सारला. मग पाय दुमडून ताटासमोर बसल्या. आक्कांना असं बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.
गाडी थांबली. अंगणात अण्णांचं खाकरणं. आक्कांचा हात ताटावर. ताट मागं सारलं नाही, तुकडाही अजून मोडलेला नाही.
मी दुसरी थापायला घेतली.