वहीवरचा हात

सौंदड, ७ जुलै २०२५

ती. बाबांना रुचिकाचा सा. न.

मी आत्याकडे सुखरूप पोचले. तुम्हाला मोबाईलवर वाचायला जमत नाही, म्हणून कागदावर लिहिते. रागावून आले आहे, हेही लिहूनच टाकते.

नागझिऱ्याच्या सफारीचं बुकिंग घेणाऱ्या कंपनीचा निकाल लागला. संगणकाच्या परीक्षेत मी पहिली, तरी नोकरी नाही. शेरा असा, की उमेदवार एकटी राहू शकत नाही असं तिच्या वडिलांचं म्हणणं आहे.

मला ऐकू येत नाही, म्हणून मी मुलाखतीला हाताच्या भाषेचा दुभाषी मागितला होता. त्यांनी घरचं माणूस आणायला सांगितलं आणि तुम्ही आलात. मुलाखत घेणारे साहेब सारा वेळ तुमच्याशीच बोलत होते. मला लिहून विचारा, असं मी वहीत लिहिलं. वही पुढे सरकवणार तोच तुम्ही तिच्यावर हात ठेवलात आणि साहेबांकडे पाहून नकारार्थी मान हलवलीत. प्रश्न काय होता, ते मला निकालात कळलं.

बाबा, गावच्या शाळेत मला मागच्या बाकावर बसवून नुसतं वरच्या वर्गात ढकलत होते. तेव्हा मास्तरांशी भांडून तुम्हीच मला नागपूरच्या शाळेत घातलंत. तिथं वसतिगृहात मी नऊ वर्षं राहिले. मग एकटी राहू शकत नाही म्हणजे काय? तुमचा फार राग येतो.

लोभ असू द्या, पण माझ्या वतीनं बोलू नका.
रुचिका

सौंदड, ७ जुलै

चि. भोजराजास कुंदाताईचे आशीर्वाद.

पोरीच्याच पाकिटात माझाही कागद घालते. काऊन रे, तुले कोणी विचारलं होतं? नोकरी तिची, तोंड तुझं! मी साठीला आली, तरी मोबाईलवर पाहून हाताची भाषा शिकून राहिली. परवा जेवायला बोलावताना हात भलतेच फिरले, तर पोरगी पोट धरून हसली. तुले तिचं नावही हातानं सांगता येत नाही. धानाच्या रोवणीची सबब सांगू नको, रोवणी दरसाल असते.

रागावली तरी माया आहेच.
ताई

चोरखमारा, १६ जुलै

चि. रुचिकास अ. आ.

दोन्ही कागद वाचले. जंगलाच्या गेटजवळच्या क्वार्टरमध्ये पोरगी एकटी राहील का, असं साहेबांनी विचारलं. रात्री कोणी दार वाजवलं तर तुला कळणार कसं, एवढंच डोक्यात आलं आणि मी नाही म्हणून बसलो. वही दाबली ती मात्र लाजेपायी. साहेबांचा वेळ जाऊन राहिला, असं वाटलं.

सोमवारी रोवणी टाकून त्यांच्याकडे गेलो. माझं चुकलं, पोरीला परत बोलवा म्हटलं. जागा भरली, म्हणाले. मग मी आवाज चढवला. ती समोर बसली होती, मग तिला कायले नाही विचारलं, म्हटलं. त्यांनी मला बाहेर काढलं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की बावीस वर्षांत मी तरी तुला कुठं काही विचारलं?

आता विचारतो. घरी कधी येतेस?

चुकलेल्या बापावर लोभ ठेव.
बाबा

सौंदड, २१ जुलै

ती. बाबांना सा. न.

राग गेलेला नाही. साहेबांवरही आहे, त्यांनी दुभाषी दिला नाही म्हणून तक्रार पाठवली आहे. गोंदियाला दुसऱ्या एका जागेसाठी अर्ज केला आहे. तिथं घरचं माणूस आणणार नाही, असं आधीच कळवलं. ती नोकरी लागली की घरी येईन, भेटायला.

बाबा, दाराचं बटण दाबलं की खोलीत दिवा लागतो, अशी घंटा मिळते. वसतिगृहात आमच्या प्रत्येक खोलीत होती. नऊ वर्षं तुम्ही मला भेटायला त्याच दारात येत होतात. मला विचारलं असतं, तर साहेबांसमोर तिथल्या तिथंच सांगितलं असतं.

आशीर्वाद असावा.
रुचिका