आरू कोणाजवळ

१२ जून, चिखली
जावईबापूंचा, म्हणजे आरूच्या बापाचा, दुसरबीडहून फोन. दुसरं लग्न ठरलं म्हणे. मी म्हटलं, बरं झालं. तं पुढं म्हणे, "आता घरात बाई येऊन राह्यली. आरूले घेऊन जातो."
वंदी, म्हणजे माही नणंद, गेली तवा आरू चार वर्षांची होती. तेरवीलेच जावईबापू म्हटले होते, पोरगी मामीजवळच बरी राहीन. दोन वर्षं झाली. ताप आला, दात पडला, कधी विचारलं नाही. अन् आता बाई येऊन राह्यली म्हणून! डोकं फिरलं माहं. नवरा नुसतं "पाहू" म्हणतो. त्याचं "पाहू" मले पाठ आहे.

१६ जून
बुलढाण्याले बाल संरक्षणच्या ऑफिसात. तिथली ताई वयानं लहान, पण नीट बसवून सांगतलं. म्हटलं, मी सख्खी नाही, मामी आहे, चालते का? म्हणे, "मामी नातेवाईकच की. बालकल्याण समिती मूल तुमच्याकडे ठेवू शकते. पण बाप हयात आहे, त्याचं ऐकल्याशिवाय काही ठरणार नाही. पोरीलाही विचारतील. घर बघायला येऊ." मग म्हणे, "बापाचा फोन आला की पोरीला द्या. भेट तोडू नका." हे मात्र कडू लागलं.
अर्ज केला. आमच्या गल्लीत मामी म्हणजे पोरीकून भांडी घासून घेणारीच. कायद्यानं तरी नातेवाईक म्हटलं.

२८ जून
लग्न झालं. सासूबाई म्हणतात नवरीले बोलवा, साडी-चोळी करू. "वंदीच्या जागी आली, माही लेकच झाली." रीत आहे, मलेही माहीत आहे. दुसरेपणावर दिलेली पोरगी पहिलीचा चांदीचा टाक, तिची कोरलेली मूर्त, गळ्यात घालते अन् पहिलीचं माहेर तेच तिचं माहेर. पण आपण इकडं अर्ज केला, पोर नेऊ नका म्हणून. अन् आपणच तिले वंदीची जागा द्यायची? मग आरूची आई कोण झाली?
सासूबाई म्हणे, "लेक माही मेली, तुही नाही."
मी त्या रात्री जेवली नाही.

६ जुलै
ती आली. रेखा. अगदीच पोरसवदा. ब्लाऊजचं माप घ्याले मशीनच्या खोलीत नेली. आरू मागं मागं. गळ्यातला टाक पाहून म्हणे, हे काय? रेखा म्हणे, तुही आई. आरूनं हातात घेऊन पाह्यला. "आई अशी नव्हती."
"मले काय माहीत बाई. कशी होती, तूच सांग."
दोघी बोलत बसल्या. मले तिचा राग करायचा होता, जमलं नाही.
जाताना हळूच म्हणे, "वहिनी, पोरगी इथंच राहू द्या. तिकडं घरकामाले हात पायजे, लेक नाही." म्हटलं, समितीत सांगशीन का? "इचारलं तं सांगीन."

२२ जुलै
समितीची तारीख. आरूले वेगळ्या खोलीत विचारलं. ती काय बोलली आमाले सांगतलं नाही. मीही खोदलं नाही, ताईनं तशी तंबी दिली होती. जावई म्हणे, माही पोरगी, मी नेतो. मग रेखाले विचारलं. मान खाली, पण साफ बोलली. "मामीजवळ राहू द्या."
निकाल नाही, पुढची तारीख. तवर आरू आमच्याकडं. स्टँडवर जावई तरातरा पुढं, रेखा मागून एकटी.

२५ जुलै
रेखाचा फोन. जावयानं हात उचलला. तिची सासू म्हणते, ज्याईच्या बाजूनं बोलली त्याईच्या घरी जाय. तिच्या जन्मल्या घरी भाऊ दारात उभं करणार नाही म्हणे. "वहिनी, तिकडं येऊ का?"
रीतीनं हेच तिचं माहेर. पण ती इथं राह्यली तं जावई समितीत म्हणीन, माही बायको याईनंच फितवली, काय बोलायचं ते शिकवून आणलं. मग आरू गेली हातची. आरू समोरच बसून पाढे म्हणत होती.
"ये" म्हणायचं होतं. ते म्हणायले मले इतका वेळ लागला की तिनंच फोन ठेवला.
परत लावला. बंद येऊन राह्यला.