राखाडीवर राखाडी

प्रिय छोटे,

बाळ झोपू देत नसेल, तरी हे शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगितलं असतं, पण तोंडातून शिव्याच आल्या असत्या. आपल्या ऑफिसातल्या रंगाऱ्याची बातमी आहे. तो स्वतःला विभागप्रमुख म्हणवतो, पण तू ठेवलेलं नावच त्याला जास्त शोभतं.

तू बाळंतपणासाठी नोकरी सोडलीस आणि त्याने लगेच तू हॉस्पिटलसाठी बनवलेला कॉम्प्युटरवरचा फॉर्म उघडला. ॲलर्जी, रक्तगट, असे जे रकाने नर्सने फक्त वाचायचे, बदलायचे नाहीत, त्यांना तू फिकट पिवळ्यावर ठळक काळी अक्षरं दिली होतीस, कोपऱ्यात इवलंसं कुलूप. हा नाक मुरडून म्हणाला, "किती भडक! जिथे काही लिहायचंच नाही तिथे नजर कशाला जायला हवी?" मी म्हटलं, नजर जावी म्हणूनच तो रकाना आहे. तर म्हणतो, "तुम्हा बहिणींना सौंदर्यदृष्टीच नाही." हे कोण बोलतंय, तर ज्याचा टाय रोज चहात बुडतो तो! मग त्याने राखाडीवर राखाडी अक्षरं बसवली आणि 'शांत रूप' म्हणून मोठ्या साहेबांपुढे मिरवली. त्यांनीही मान डोलावली. त्यांनी आयुष्यात कुठला फॉर्म स्वतः भरलाय?

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका दाखल झाल्या. एका इंजेक्शनची त्यांना ॲलर्जी होती, तशी नोंदही होती. नर्सला तो रकाना रिकामाच दिसला. बाईंचा घसा सुजला, श्वास अडकला. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते म्हणून वाचल्या. मी तिथे दुरुस्तीला गेले तेव्हा नर्स जिन्यात बसून रडत होती. हाताला धरून तिने मला पडद्यासमोर नेलं. "ताई, तुम्हीच वाचून दाखवा." डोळे बारीक करूनही मला वाचता येईना.

आणि चौकशीच्या बैठकीत हा गृहस्थ काय म्हणाला? फॉर्म तुझा, रंग तुझे, आणि तू काम अर्धवट टाकून गेलीस. वर चेहरा असा पाडलेला, जणू घरातलंच कोणी गेलंय. इतका भेकड माणूस मी पाहिला नाही.

एक-दोन दिवसांत तो तुला फोन करेल. आवाजात साखर घोळवून बाळाची चौकशी करेल आणि 'नुसती औपचारिकता' म्हणत एका कागदावर सही मागेल. मुळीच देऊ नकोस. रंग कोणी बदलले ते मी त्याच बैठकीत उभी राहून सांगितलंय, तुझा जुना फॉर्म शेजारी उघडून दाखवलाय. हॉस्पिटलवाल्यांना पटलं. नर्सवरचा ठपका गेला. रंगारी मात्र अजून खुर्चीतच आहे, आणि मला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. आईला इतक्यात सांगू नकोस.

त्या माणसाची तोंडदेखलीही माफी न मागणारी,
तुझीच,
ताई