कानशीने घासलेलं नाणं

राणीसरकार, लांबूनच मुजरा.

मी मजेत आहे, जेवतो वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

सुट्ट्या पैशांत आलेली विचित्र नाणी मी तुझ्या संग्रहासाठी पाठवतो आणि तुझ्या पत्रात निम्मं पान शेजारच्या मास्तरांचं! त्यांनी भिंगातून पाहिलं, टाकसाळीची चूक ओळखली, चहात साखर कमी घेतली. मला काय करायचंय त्यांच्या साखरेशी?

सोबतचं नाणं त्यांना जरूर दाखव. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत मीच त्याची कड कानशीने घासलीय. बघू, एवढा हुशार माणूस कुठली टाकसाळ सांगतो ते!

पण आधी तू हातात घेऊन बघ. घासणारा हात आठवला, तर त्यांना बोलावूच नकोस.

अजूनही तुझाच,
मी